हद्दीबाहेर

कोर्टाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली तेव्हा आत दोघंच होते – ती आणि काळ्या कोटातला एक तरुण वकील. तो सारखी मान चोळत होता. ती फिजिओथेरपिस्ट, तिला राहवेना.

"बॅग रोज डाव्याच खांद्यावर घेता ना?"

"बरोबर ओळखलंत... आता इलाजही सांगा."

"फुकट?"

"चहा पाजतो की."

लिफ्ट सुरू झाली, चहा झाला... आणि पुढे चहाला निमित्तही लागेना. पावसात एका छत्रीतून चालताना तो छत्री तिच्याकडे कलती धरायचा आणि स्वतः भिजायचा. तिला ते कळायचं. ती मुद्दाम हळू चालायची.

अशाच एका संध्याकाळी तिनं त्याला धाकट्या बहिणीचं सगळं सांगून टाकलं. बहीण परदेशात शिकत असताना तिथल्या मित्रानं तिचे खासगी फोटो काढले होते. नातं तुटलं, तसे त्यानं ते एका वेबसाइटवर टाकले. वेबसाइटची कंपनी ते काढायला तयार नाही, म्हणून इथल्या कोर्टात दावा. फोटो तिकडचे आहेत हे बहिणीच्या वकिलानं दाव्यात मुद्दामच लिहिलं नव्हतं. तो तिचा हात हातात धरून बसला.

सुनावणीला कंपनीच्या बाजूनं तोच उभा राहिला.

तिच्याकडे न बघता त्यानं सांगितलं – फोटो परदेशात काढलेले, तिथूनच टाकलेले, सर्व्हरही तिथलाच. या कोर्टाचा अधिकार तिथवर पोचत नाही. खरं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर बहिणीच्या वकिलानं मान खाली घातली. दाद तिकडे मागा, असं सांगून दावा परत केला गेला.

जिन्यापाशी त्यानं तिला गाठलं. केस आपल्याकडे नंतर आली, सांगायला जीभच रेटली नाही, असं काहीबाही तो बोलत राहिला.

"मी नाही, तर दुसरा कुणी उभा राहिला असता."

"त्या दुसऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं."

तो अगदी हळू म्हणाला, "माझं... खरंच प्रेम आहे तुझ्यावर."

"तसंच वाटलं होतं," ती म्हणाली, "म्हणून तर सांगितलं."

खाली बहीण गाडीत बसली होती, ओढणी नाकापर्यंत ओढून. जिन्यात उभ्या असलेल्या त्याच्याकडे तिनं काचेतून पाहिलं.

"ताई, कोण गं तो?"

शेजारी बसत तिनं गाडी सुरू केली.

"समोरच्यांचा वकील."