देवापुढचा पाऊच

"तनू, पासपोर्ट गेले. लगेच ये."

नंदाकाकूचा फोन. तनुजाने ऑफिसचा कॉल तसाच चालू ठेवला, लॅपटॉप उघडा टाकला आणि धावत सुटली. घरं कर्वेनगरात एकाच सोसायटीत, समोरासमोर. पण मुंबई एअरपोर्टची गाडी तासाभरात येणार होती. सहलवाले दत्तप्रसाद कोणासाठी थांबणारे नव्हते. आणि काकूने आख्खी नोकरीभर फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढून भूगोल शिकवलेला, आता कुठे रिटायर होऊन मसाईमारातले हत्ती बघायला निघाली होती. ते सगळं बोंबलणार.

काकू गळ्यात दुर्बीण अडकवून येरझाऱ्या घालत होती. तात्याकाका सोफ्यावर, खांद्याला दुर्बिणीची केस.

काल रात्री काकूने पाऊच देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. आत दोघांचे पासपोर्ट आणि आफ्रिकेला जायला सक्तीच्या यलो फीवरच्या लशीची कार्डं. आत्ता घ्यायला गेली तर नुसती सुपारी आणि चांदीची वाटी जागेवर. त्या लशीसाठी काकूला तनुजानेच नेलं होतं. एक बाटली दहाजणांना, उघडली की लगेच संपवायची. दहावा माणूस उगवेपर्यंत सगळे ताटकळले होते.

मग घरात आलं कोण? काकांनी लगेच यमुनाबाईंचं नाव घेतलं. त्या प्रवासाच्या दशम्या करायला आलेल्या. त्यांनी आपली पिशवी उलटी केली. डबा आणि छत्री. तनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण चोर चांदीची वाटी सोडून पाऊच कशाला नेईल? ही चोरी नव्हतीच. कोणालातरी हे जाणंच नको होतं.

"काका, पाऊच शेवटी कोणी उघडला?"

"मीच. माझं कार्ड टाकलं, चेन लावली."

"लस कधी घेतलीत?"

"तुमच्यानंतर. चिटपाखरू नव्हतं तिथे. एकटाच होतो, पाच मिनिटांत बाहेर. तुमच्यासारखा अर्धा दिवस नाही घालवला."

खाली हॉर्न वाजला. काकूने खिडकीतून ड्रायव्हरला थांबायची खूण केली.

"काका, ती केस द्या."

"कशाला?"

"दुर्बीण काकूच्या गळ्यात आहे. मग रिकामी केस कशाला सांभाळताय?"

केसमधून पाऊच निघाला. पासपोर्ट दोन. पिवळं कार्ड एकच.

"एकट्या माणसासाठी ती बाटली उघडतच नाहीत," तनुजा एका दमात म्हणाली. "तुम्ही लस घेतलीच नाहीत. एअरपोर्टवर दत्तप्रसाद कार्डं बघणार, म्हणून पाऊचच लपवलात. गाडी गेली की तो आपोआप सापडला असता. तोवर यमुनाबाई चोर."

दोनदा दवाखान्याच्या गेटपर्यंत जाऊन आलो, काका चपलांकडे बघत म्हणाले. सुई दिसली की घेरी येते. चारचौघांत सांगणार कसं?

"आधी यमुनाबाईंची माफी मागा," काकू म्हणाली.

त्यांनी मागितली. यमुनाबाईंनी मान हलवली आणि दशम्यांचा डबा काकूच्या हातात दिला.

काकूने आपला पासपोर्ट, आपलं कार्ड पर्समध्ये टाकलं, चपला घातल्या आणि दारातून वळून बघितलं.

"अहो, दुधाची पिशवी रोज सकाळी दाराला असते. आत घेत जा. टोचत नाही."