पुढच्या वर्षीचा कोट

टेलरबाई परदेशात उतरल्या तेव्हा त्यांना सगळ्यात आधी काय दिसलं असेल? उंच इमारती? छे! खांदे. विमानतळाच्या दारातून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता, आणि बाई लेकीच्या गळ्यात पडायचं सोडून एका गृहस्थाच्या कोटाकडे बघत उभ्या. “डावा खांदा उतरलाय बिचाऱ्याचा,” म्हणाल्या. लेकीने कपाळाला हात लावला. “आई, दोन आठवडे तरी शिवणयंत्र डोक्यातून काढ गं!”

दुसऱ्या दिवशी लेक कामावर निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या, “मी जरा बटणं बघून येते.” बटणं कसली नि काय कसलं! पर्समध्ये वडिलांचं शेवटचं पत्र होतं, त्यावर दुकानाचा पत्ता. बाई सात वर्षांच्या असताना वडील याच शहरात शिवणकामाला आले. चार वर्षं पत्रं आली, मग एकदम बंद. आई मरेपर्यंत एकच सांगत राहिली, “त्याने आपल्याला टाकलं.” खरं काय ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं, एवढ्यासाठी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. लेकीला मात्र यातलं काही बोलल्या नव्हत्या.

आणि काय सांगू तुम्हाला, शहर पहिल्यांदा बघत होत्या, तरी त्यांना ते ओळखीचं वाटत होतं. ती पत्रं लहानपणी इतक्यांदा वाचलेली की पाठच झाली होती. पुलावर अकरा दिवे आहेत, बाबांनी लिहिलं होतं. बाईंनी मोजले, अकराच. ट्राम वळताना म्हातारीसारखी कण्हते, तीही कण्हली. रस्त्यात कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येत होता. दुपारचे तीन वाजले होते आणि उजेड आत्ताच मंदावायला लागला होता. बाईंना आठवलं, पत्र आलं की आई ते आधी नाकाशी धरायची. ओल्या लोकरीचा आणि गरम इस्त्रीचा वास यायचा त्याला. आणि तोच वास, अगदी तोच, पत्त्यावरच्या तळघराच्या पायऱ्यांवरून वर येत होता.

खाली एक म्हातारी एकटीच बसली होती. टेबल, इस्त्री, भिंतीवर कागदी साचे.

“आलीस? दार लाव आधी, वारं शिरतंय.”

बाई जागच्या जागी थबकल्या. म्हातारी त्यांच्याच भाषेत बोलत होती, आणि हेल थेट बाबांचा!

“घाबरू नकोस. चार वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिवलंय मी. बोलणं त्यांच्याकडूनच शिकले, शिव्यासुद्धा.” ती हसली. “तुझे बाबा चौथ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. मी पत्र टाकलं होतं. ऐकीव पत्ता, चुकला असणार. परत आलं.”

टेलरबाई स्टुलावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. टाकलं नव्हतं. बाबांनी टाकलं नव्हतं गं आई! इतक्या वर्षांचा राग, आता तो कुणावर काढायचा?

म्हातारीने रडू दिलं. मग हळूच म्हणाली, “गेले खरे… पण काम थांबवलं नाही त्यांनी.”

तिने पडदा सरकवला. आत कोट टांगलेले होते. एकोणचाळीस. पहिला अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा, मग वाढत वाढत जाणारे. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी टाचलेली.

“दर हिवाळ्यात पहिली थंडी पडली की सकाळी टेबलावर कापड बेतलेलं सापडतं. मग रोज थोडं थोडं शिवलं जातं. मी हात लावत नाही. माझी बोटं केव्हाच कामातून गेली.”

बाईंनी पहिल्या कोटाची शिवण उलटली. आत दोन बोटं जास्तीच्या कापडाची माया सोडलेली. बाकीचे शिंपी एक बोट सोडतात. बाबा दोन सोडायचे, पोर वाढती आहे म्हणून. मग त्यांनी एकेक कोट अंगाला लावून पाहिला. एक पुढून चांगलाच ढगळ होता. चिठ्ठीवरची तारीख लेक पोटात राहण्याच्या आदल्या हिवाळ्याची. एकाच्या डाव्या खांद्यात जास्तीचं पॅडिंग. बाई स्कूटरवरून पडल्या, तो खांदा कायमचा उतरला, पण ते पुढच्या उन्हाळ्यात. कोट आधीच तयार होता.

“एक वर्ष आधी…” बाई पुटपुटल्या.

“हो. पुढच्या वर्षीचा हा बघ.” म्हातारीने टेबलाकडे बोट केलं. तिथे राखाडी कोट पसरलेला होता. “शिवून झालाय. काजं तेवढी राहिलीत.”

बाईंनी सवयीने पर्समधून टेप काढली. कोटाची कंबर मोजली, मग स्वतःची. पुन्हा मोजली. सहा इंच कमी.

“चुकले बाबा,” त्या कसंनुसं हसल्या. “एवढी बारीक मी लग्नातसुद्धा नव्हते.”

म्हातारी हसली नाही. बाईंचा हात बाहीवर गेला. बाही मनगटापासून कोपरापर्यंत उघडत होती, आतून प्रेसची बटणं. अशी बाही त्यांनी स्वतः एकदाच शिवली होती, एका गिऱ्हाइकासाठी, जिला रोज सलाईन लावावं लागायचं. तो झगा तिने जेमतेम चार महिने घातला.

इस्त्री तेवढी टिकटिकत होती.

“हा… हा मी घेऊन जाऊ?”

“नको.” म्हातारीचा आवाज अगदी खाली आला. “बाकीचे ने हवे तर. हा ते स्वतः घेऊन येणार आहेत तुझ्याकडे.”

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी सात वर्षांची पोर आनंदाने उडी मारून उठली होती. बाबा घरी येणार! तोंडातून निघून गेलंच, “कधी?”

“पाच काजं पुरी झाली की. वेळ आहे गं अजून. सकाळी पाहिलं तेव्हा एकच झालं होतं.”

टेलरबाईंनी चष्मा लावला आणि कोटावर वाकल्या. तीन झाली होती.