एकाच ताग्यातले चेहरे

नाशिकच्या चित्रदफ्तरात कुमुद घाणेकर सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फोटो तिथल्या तज्ज्ञ डॉ. तांबोळींपुढे नाचवत होती. "माझ्या यामिनीच्या भुवईवरचा वण कुठं गेला? तेवढंच सांगा मला."

चित्रमर्यादा कायद्याला अकरा वर्षं झाली होती. लोक फोटो काढत सुटले, ते साठवायला वीज पुरेना, तेव्हा सरकारनं दर घराला ठरावीक जागा नेमून दिली. त्यात फोटो बसवायचे दोन प्रकार. पहिला 'घडी': साडी घडी करून ठेवली की उलगडल्यावर जशीच्या तशी, पण जागा थोडीच वाचते. दुसरा 'खवा': दूध आटवलं की वाटीत मावतं, मात्र खव्यात पाणी घालून तेच दूध परत मिळत नाही. घडीत कुमुदचे चारशे फोटो बसले असते, खव्यात सगळे चाळीस हजार. "माझ्या पोरींचा एकही फोटो टाकायचा नाही," असं तिनंच ठणकावलं होतं. हट्टी बाई! पण त्या वर्षी तिच्या जुळ्यांपैकी यामिनी सात वर्षांची होऊन तापानं गेली होती. दुसरं काय म्हणणार होती ती?

परवा रागिणी, म्हणजे जुळ्यांतली राहिलेली, सहज म्हणाली, "आई, यामी झोपाळ्यावरून पडली होती ना? मग फोटोत वण कसा नाही?" कुमुदनं एकेक फोटो उघडून पाहिला; वण कुठंच नव्हता. रोज सकाळी फोटो बघूनही तिच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"ताई, खव्याचं यंत्र सारखं दिसेल ते एकदाच ठेवतं," डॉक्टर म्हणाल्या. "दोन चेहरे जवळपास सारखे असले, तर एकच ठेवून दोन्हीकडे तोच छापतं. कपडे कसे घालायचात दोघींना?"

"एकाच ताग्यातले फ्रॉक. रिबिनीसुद्धा एका रंगाच्या. एकीला वाटायला नको, दुसरीचे लाड जास्त होतात." बोलता बोलता कुमुदनं हातातला फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे यामिनीचे सगळे फोटो…"

"रागिणीचे आहेत. दोघींमधला फरक यंत्राला किरकोळ वाटला."

"किरकोळ? माझी पोर होती ती!" कुमुद ओरडली आणि मग खुर्चीत बसून हमसून हमसून रडली.

डॉक्टरांना राहवेना. शाळांचं दफ्तर घडीतच ठेवायचा नियम होता. अर्ध्या तासात त्यांनी पहिलीच्या प्रवेशाचा, कणभरही न आटवलेला फोटो शोधून काढला. "घ्या ताई, ही तुमची यामिनी."

कुमुदनं डोळे पुसले, पदर सावरला आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकली. वण होता. नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर होतं. हनुवटी जरा निमुळती, एक डोळा किंचित बारीक. ती बघत राहिली, बघतच राहिली.

"डॉक्टर," शेवटी ती कशीबशी म्हणाली, "मला ही मुलगी ओळखू येत नाही हो."