अकरा जणांचा एक नंबर

"तुम्ही पुन्हा?" पलीकडून तो हसला.

हर्षानं यादीतलं नाव पाहिलं, नंबर पाहिला आणि कपाळाला हात लावला. सकाळपासून तिनं पवनीच्या चार पॉझिटिव्ह पेशंटांना फोन लावले होते आणि चारही वेळा हाच गडी बोलला होता.

भंडाऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये पवनी शहराची यादी हर्षाकडे होती. किती नवे, किती बरे झाले, किती गेले... संध्याकाळी सहाला आकडा वर पाठवायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो एप्रिल! शेवटचा रकाना ती अगदी सहाला पाच कमी असतानाच भरायची.

"तुम्ही गोपीचंद का?"

"नाही जी. मी चंदन. बसस्टँडजवळ मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे माहं."

"मग त्यांच्या फॉर्मवर तुमचा नंबर कसा?"

"आता काय सांगू मॅडम... सोताचा नंबर टाकला की दारात गाडी येते, गल्लीले बांबू लागतात. लोक भेतात. माहा नंबर दुकानाच्या पाटीवरच आहे, तोच देतात ठोकून."

तिनं यादी वर-खाली केली. एक नाही, दोन नाही — अकरा जणांपुढे एकच नंबर! वा रे पवनीकर! तिला आधी हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. ही अकरा माणसं आहेत कुठे? श्वास तरी नीट घेताहेत का?

"पत्ते द्या."

"नाही देत."

"गुन्हा दाखल होईल तुमच्यावर."

"होऊ द्या. पण मी पत्ते देले, तर उद्या एक बी दार उघडणार नाही. त्यापेक्षा... मी रोज घरोघर जातो, बोटाले ऑक्सिजनचं मशीन लावतो, आकडे तुमाले सांगतो. मले सगळे ओळखतात. चालते?"

नियमात बसत नव्हतं. पण नियमानं ती माणसं सापडतही नव्हती.

"चालते," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

"अरे! मॅडम तर आपल्याकडच्याच! कोणतं गाव?"

"आकडे सांगा."

"सांगतो ना... पण गाव?"

"...अड्याळ."

झालं! रोज पाचला फोन वाजू लागला. साडेचारपासूनच हर्षाची नजर फोनवर. "इश्वर चौऱ्याण्णव, रिता शहाण्णव... आणि मॅडम, तुमचा आवाज काहून बसला आज? जेवल्या का?"

"माझं नाव नाही यादीत."

"माह्या यादीत आहे."

तिनं फोन कट केला. कान मात्र बराच वेळ गरम होते.

दोघांची नव्वदच्या खाली घसरगुंडी सुरू झाली तेव्हा चंदननंच समजावून त्यांना दवाखान्यात पाठवलं. हर्षाचा त्याच्यावर जीव जडला तो तेव्हा, उगाच नाही. पण सहाव्या दिवशी वही उघडून बसली असताना तिचा पेन थांबला. सगळ्यांचे आकडे रोज बदलत होते. एकच बदलत नव्हता. दुर्गाबाई — सत्याण्णव, सत्याण्णव, सत्याण्णव, सत्याण्णव.

दुर्गाबाई, म्हणजे त्याची आई. अकरा जणांमध्ये तिच्यापुढचाच काय तो फोन नंबर खरा होता.

पाचला फोन आला. "दुर्गाबाई सत्याण्णव," तो म्हणाला. घाईनं म्हणाला.

"आईकडे फोन द्या."

"झोपली आहे जी..."

"चंदन, फोन दे म्हणते ना!" कंट्रोल रूममधल्या माना वळल्या. वळू देत! "बाई, मी हर्षा. एका दमात वीसपर्यंत मोजा बरं."

"एक... दोन... तीन..." मागावर धागे मोजण्यात जिचा जन्म गेला, ती बाई सातवर थांबली. पुढे नुसती धाप ऐकू आली.

चंदननं फोन घेतला तसा हर्षानं पेन टेबलावर आपटला. "खरा आकडा?"

"...चौऱ्याऐंशी. मागच्या साली बाबा दवाखान्यात गेले, ते वापस नाही आले. आईनं गळ्याची शप्पत घातली मले. मी काय करू, हर्षा?"

"शप्पत मोड! तिनं आयुष्यभर बोलू नये तुह्याशी, पण बोलाले जिती तर राह्यली पाहिजे! पत्ता सांग. आत्ता!"

त्यानं पत्ता सांगितला. हर्षानं सतरा फोन करून एक बेड मिळवला. दुर्गाबाईंना भंडाऱ्याला आणलं. चंदन निगेटिव्ह निघाला, पण घरी जाईना. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून राहिला. रोज सहाला, मृतांची यादी पाहून आकडा वर पाठवला की, हर्षा त्याला फोन करायची. एकच शब्द बोलायची, "आहेत." तोही "हो" म्हणायचा. थट्टा-मस्करी पार संपली होती. मीच पाठवलं त्यांना, हे तिच्या डोक्यातून जाईना. मृतांची यादी उघडताना ती खालून वर वाचायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी साडेअकराला एक कागद टेबलावर आला. तिनं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, वय आणि गाव ताडून पाहिलं आणि ओढणी सावरत जी धावली, ती दोन गल्ल्या ओलांडून थेट दवाखान्याच्या फाटकाशी.

कडुनिंबाखाली वीस-पंचवीस माणसं बसली होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. यातला चंदन कोण? आवाजाशिवाय तिला त्याचं काही माहीतच नव्हतं! तिनं फोन लावला.

एका उंच, सावळ्या पोरानं खिशातून फोन काढला, नाव वाचलं आणि तो जागीच थिजला. अवेळी आलेल्या फोनचा अर्थ त्या झाडाखाली सगळ्यांना पाठ होता. फोन वाजत राहिला. त्याचा अंगठा काही हलेना. शेजारचा म्हातारा मुकाट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवायला उठला.

"अरे, उचल ना!" हर्षा ओरडतच पोचली. "बरी झाली आई! सुट्टी देऊन राहिले तिले!"

तो आवाज ऐकून त्यानं मान वर केली... आणि इतक्या माणसांत ढसाढसा रडला. हर्षालाही रडू आवरेना.

"तू... सोता सांगाले आली?"

"मंग काय करू? फोनवर सांगाची हिंमत नाही झाली."

"मलेबी आतापर्यंत नाही झाली," त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पण आता सांगतो. मले तू पाहिजे, हर्षा. जन्मभर."

ती लाजली, पण नजर काही खाली गेली नाही.

"आधी आईले घरी ने. चालू-फिरू लागली का तिलेच संगं घेऊन अड्याळले ये," ती म्हणाली, "मले मागाले."