यंत्र वगळतं ती ओळ

वाऱ्याने सायकल दुसऱ्यांदा आडवी केली तेव्हा फेमके वैतागून समोरच्या कॅफेत शिरली. जागा एकच रिकामी होती, तीही एका उंच, किडकिडीत तरुणाच्या टेबलाशी. ती बसली, ओला मफलर सोडला, सहज त्याच्या लॅपटॉपकडे नजर टाकली... आणि ती पुढेच झुकली. पडद्यावर तिची अक्षरं होती!

हेगमधल्या एका छोट्या कार्यशाळेत बसून एका फॉन्टसाठी तिने दोन वर्षं एकेक करून काढलेली. उभी अक्षरं संगणकाच्या कोडसाठी, आणि कोडच्या मधेमधे माणसं माणसांसाठी ज्या टिपा लिहून ठेवतात, त्यांच्यासाठी तिरकी. वापरून बघायला वाटलेली कच्ची प्रत कुठे जाऊन पोचली होती बघा.

"दुसऱ्याच्या पडद्यात डोकावायला हरकत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "पण मग कारण सांगावं लागतं."

"तो एफ..." फेमके अडखळली. "छान दिसतोय."

"छान? त्याची शेपटी बघा! उभा एफ कसा शहाण्यासारखा ओळीवर उभा आहे. आणि हा तिरका — खालच्या ओळीतल्या अक्षराच्या टाळूवर पाय देतोय. ज्याने काढलाय ना, त्याला शेजारधर्म ठाऊक नाही."

"तिला," फेमके म्हणाली.

"अं?"

"त्याला नाही. तिला ठाऊक नाही."

आता कुठे त्याने वर पाहिलं. करडे डोळे, आणि हळूहळू लाल होत गेलेले कान. "म्हणजे... तुम्ही?"

"मी."

त्याने खिशातून ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्यांची पुडी काढून तिच्यापुढे सरकवली. "खा. माफी मागायला सध्या एवढंच आहे."

त्याचं नाव हाय्को. पाण्याचे पंप आणि कालव्याची दारं चालवणारा कोड तो सांभाळत असे.

"चेष्टा सोडा," तो म्हणाला, "तुमचे आभारच मानायचेत. माझ्या आधी योप नावाचे गृहस्थ होते. कोडमध्ये तीस वर्षांच्या टिपा ठेवून गेले. मी कधी वाचल्याच नाहीत, सगळं एकसारखंच दिसायचं! एका वसंतात मी एक दार बंद ठेवलं. वरच लिहिलं होतं, 'एप्रिलमध्ये हे उघडं ठेव, वाम मासे समुद्रातून वर येतात.' आठवडाभर बिचारे दाराशी खोळंबले. तुमची अक्षरं आली आणि म्हातारा बोलायला लागला. उभा ए डोक्यावर छत घेऊन बसलेला, तिरका ए नुसता गोल, हाताने काढल्यासारखा. तिरक्या 'के'ला गाठ. नजर थांबतेच हो."

फेमकेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

"काय झालं? गोळी फार खारट आहे का?"

ती हसली आणि मग सगळं सांगून मोकळी झाली. कार्यशाळेच्या मालकीणबाई, अन्नेके, म्हणत होत्या की टिपा कोण वाचतं? यंत्रसुद्धा वगळतं! उभी अक्षरंच कलती करा आणि संपवा. तीन आठवड्यांनी निर्णय होता. फेमकेची तिरकी अक्षरं एकतर जगात जाणार, नाहीतर कायमची खणात.

"मग मी तपासून देतो," हाय्को म्हणाला. "सगळी."

रोज दुपारी कालव्याकाठच्या बाकावर चीज-पाव आणि ताकाचा पेला घेऊन दोघं बसू लागली. तो नजर अडखळली तिथे खुणा करून आणी, ती भांडे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा वाऱ्याने कागद उडाला, दोघांनी एकदमच धरला... आणि बराच वेळ कुणीच सोडला नाही. 

निर्णयाच्या दिवशी परीक्षक म्हणून हाय्कोलाही बोलावणं होतं, आणि आपल्या पंपांच्या कोडची एक फाईल त्याने नमुना म्हणून फेमकेकडे दिली होती. परीक्षकाची फाईल आधी कुणी उघडायची नाही, थेट प्रोजेक्टरने भिंतीवर लावून सगळ्यांदेखत वाचायची, असा तिथला रिवाज. हाय्कोला बिचाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं.

"ती... ती फाईल नको!" तो ताडकन उठला. "ती फक्त फेमकेसाठी..."

"बसा हो," अन्नेकेबाई म्हणाल्या. आधी नुसत्या कलत्या अक्षरांत त्यांनी फाईल वरपासून खालपर्यंत वाचली. पंप, दार, पाण्याची पातळी. हाय्कोने सुटकेचा श्वास सोडला.

मग फेमकेची अक्षरं लागली. बाई मध्येच थांबल्या, पुढे झुकल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"'फेमके, ही ओळ यंत्र वगळतं, म्हणून इथेच सांगतो. योपशी माझी गाठ तू घालून दिलीस, तुझे आभार. त्या दिवशीच्या वाऱ्याचेही आभार. तू मला फार आवडतेस. एफची शेपटी कापू नकोस. खालच्या ओळीपर्यंत पोचणारं कुणीतरी असावं.'"

 फेमकेचे गाल तापले होते, आणि हाय्को बुटांच्या नाड्या मोजत असावा.

अन्नेकेबाईंनी चष्मा पुसला. "हीच फाईल मी आत्ता वाचली होती ना? त्या कलत्या अक्षरांत? मला ही ओळ दिसलीच नाही." त्या फेमकेकडे वळल्या. "माझं चुकलं गं. तुझी अक्षरं जाऊ देत जगात."

  फेमके कीबोर्डपाशी गेली आणि त्याच्या ओळीखाली, तिरक्या अक्षरांत, तिने लिहिलं, "मलाही तू. आभार."

भिंतीवर त्याच्या ओळीतल्या एफची शेपटी तिच्या पहिल्या अक्षरावर अलगद टेकली. ती तिने तशीच राहू दिली.