बाप्यांनाच विचारलं!

"चहा किती वेळ पुरेल?" टॅम्झिनने थर्मास हलवून पाहिला.

"सोबत केक असेल तर बराच," रूफस म्हणाला. "अकराचा चहा नाकारणारा माणूस डॉर्सेटात अजून जन्माला यायचाय."

ही भावंडं सुट्टीला इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर हेस्टरआत्याकडे आली होती. समुद्रावरच्या उतारावर कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि आज गावजत्रेची व्यवस्था पाहणारे मिस्टर पोकॉक ते कापून मोटारींना जागा करणार होते. तिथे लुलवर्थ स्किपर ही दुर्मीळ फुलपाखरं असतील तर गवताला हात लावायचा नाही, असं गावसभेत ठरलं होतं. पण मिस्टर पोकॉक पाहून आले होते. "सगळी साधी स्किपर! लुलवर्थच्या पंखावर सूर्यकिरणांसारखं ठिपक्यांचं कडं असतं. एकाच्याही नव्हतं." तेव्हापासून फुलपाखरांवर जीव असलेल्या आत्याला घास गोड लागत नव्हता.

टॅम्झिनला मात्र काल एक गोष्ट खटकली होती. गवतावर भिरभिरणाऱ्या प्रत्येक फुलपाखराच्या पंखावर बारीक काळी रेघ होती.

"रेघ म्हणजे नर," आत्या म्हणाली होती. "कडं ठळक दिसतं ते मादीचंच."

"मग बायका कुठे आहेत?"

"असतील खाली, कामात. नेहमीसारख्या."

मिस्टर पोकॉक यंत्र घेऊन आले, तसा त्यांना अडकवून ठेवायला रूफसने ठरल्याप्रमाणे कप पुढे केला. ते घड्याळ बघत कुरकुरले, पण केक बघून बसले. टॅम्झिन तोवर गवतात सरपटत शिरली. कोपरं खरचटली, नाकात कुसळं गेली. केक संपत आला तरी काहीच सापडेना. तिला रडूच यायला लागलं.

इतक्यात एका वाळक्या काडीवर तिला एक तपकिरी जीव दिसला. पोट वाकवून तो पानाच्या घडीत अंडी घालत होता. ढग सरला, ऊन आलं आणि पंख उघडले.

"मिस्टर पोकॉक," ती हळूच म्हणाली, "कप ठेवा आणि इथे पोटावर झोपा."

"या वयात?"

"आवाज नको. बाळंतीण आहे."

ते कण्हत झोपले. समोरच्या पंखावर किरणांचं फिकट, सुरेख कडं होतं.

"म्हणजे मी नुसत्या बाप्यांनाच विचारून आलो होतो," ते म्हणाले. "शाबास, पोरी. चुकलो मी."

गवत तसंच राहिलं आणि जत्रेच्या मोटारींसाठी मिस्टर पोकॉकांनी आपल्या अंगणातली लाडकी हिरवळ देऊ केली. आत्याने टॅम्झिनचा मातीने माखलेला फ्रॉक पाहिला आणि तिला तशीच जवळ घेतली.

"आज कपडे मळवल्याबद्दल तुला आणि मिस्टर पोकॉकना, दोघांनाही बक्षीस," ती म्हणाली. रात्री आत्या पोटभर जेवली.