घोरपडीचा क्रमांक ७३९३९१३३

"हाक खरी, क्रमांक अनोळखी!" चंद्रवसाहतीच्या नियंत्रण कक्षातला रिसीव्हर बोलला. पडद्यावर संख्या होती ७३९३९१.

"शेजारच्या वसाहतीचं यंत्र असणार," ड्यूटीवरचे इंगळेकाका म्हणाले. "आपलं नाही."

चार्वी मात्र पडद्याजवळ धावली. तिची लाडकी घोरपड, म्हणजे पंज्यांनी बोगदा खणणारं यंत्र, दरड कोसळल्यापासून बेपत्ता होती. आता काँक्रीट ओतून तो बोगदा कायमचा बुजवणार होते.

"काका, ही घोरपडीच्या क्रमांकाचीच सुरुवात आहे! बॅटरी उतरली की ती दर हाकेला शेवटचा अंक गाळते."

"अगं, तुटका क्रमांक रिसीव्हर ऐकतच नाही. विचार तुझ्या आजोबांना."

तिचे आजोबा, सगळ्यांचे नाना, वसाहतीचे गणिती. प्रत्येक यंत्राला ते मूळ संख्याच देत (मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी अशी संख्या, जिला १ आणि ती स्वतः सोडून कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही). क्रमांक मूळ असला तरच रिसीव्हर हाक खरी मानी. बाकीचा नुसता गोंगाट म्हणून सोडून देई.

"९७ मूळ आहे," नाना म्हणाले. "शेवटचा ७ काढ. उरले ९, म्हणजे तीन त्रिक नऊ. मूळपण गेलं! बहुतेक संख्यांचं असंच होतं. पण घोरपडच असेल, तर पुढची हाक ७३९३९ हवी. तीही मूळ असली तरच वाजेल."

तिघंही पडद्याकडे टक लावून बसले.

"हाक खरी! ७३९३९."

नानांनी फोनवर झडप घातली. "काँक्रीट थांबवा! आधी दरड उपसा!"

खोदकाम सुरू झालं आणि हाका आखूड होत गेल्या. ७३९३. ७३९. ७३. प्रत्येक वेळी रिसीव्हर वाजला. शेवटी नुसता ७ उरला, तोही मूळच! तेवढ्यात धुळीने माखलेली घोरपड बाहेर आली आणि चार्वी तिच्या गळ्यात पडून रडली.

नाना मात्र संगणकापुढे थक्क होऊन बसले होते. "मी फक्त पूर्ण संख्या मूळ आहे का, एवढंच पाहिलं होतं गं! मूळ संख्या अनंत आहेत, त्यांना अंतच नाही. पण उजवीकडून कितीही अंक काढले तरी मूळच राहणाऱ्या? अख्ख्या अनंतात फक्त त्र्याऐंशी. आणि त्यांतली सर्वांत मोठी आपल्या घोरपडीकडे!"

"हिला आणखी एक अंक जोडला तर?"

"कोणताही जोड, मूळपण मोडतं. ही वाट इथेच संपते."

चार्वीने वर पाहिलं. इतक्या मोठ्या आकाशाखाली ही एक संख्या टोकावर उभी होती.

"पण हे सगळं दहाच्या मोजणीत," नाना हळूच म्हणाले. "आपल्याला दहा बोटं, म्हणून आपण दहाने मोजतो. दुसऱ्या कशाने मोजलं, तर वाट आणखी लांब जाईलही."

चार्वीने घोरपडीचे पुढचे दोन्ही पंजे हातात घेतले आणि नख्या मोजल्या.

"बारा आहेत, नाना. चला, बाराने मोजू."